मोटारसायकलीचा निःश्वास

लडाखच्या वाटेला लागण्यापूर्वी मोटारसायकलीत काही फेरफार करून घेण्याची रीत अलीकडे सर्वत्र रूढ झाली आहे. सामान बांधण्याचे सांगाडे, जादा दिवे, वारा अडविणारी उंच काच हे सारे त्यात येतेच. परंतु पहिला मान असतो तो सायलेन्सरचा. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचा करोलबाग, बंगळूरचा जे. सी. रस्ता, कोठेही जावे, हे नळकांडे बदलून देणारी दुकाने ओळीने मांडलेली आढळतात. 'गोल्डस्टार', 'पंजाब', 'इंदौरी' अशी त्यांना नावेही आहेत. दुकानदाराची आश्वासने साधारणपणे तीन असतात : आवाज भारदस्त होईल, वजन उतरेल आणि गाडी 'मोकळी' होऊन तिची ताकद वाढेल. यांपैकी पहिली दोन बहुधा खरी ठरतात. तिसऱ्याची परीक्षा करावयाची तर इंजिनाच्या उच्छ्वासाची वाट नीट न्याहाळावी लागते.

पेट्रोलचा स्फोट होऊन गेल्यावर सिलिंडरात उरलेला तप्त वायू बाहेर पडण्यासाठी झडप उघडते. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे करीत असेल, तर एका सिलिंडराची ही झडप सेकंदाला सुमारे तेहतीस वेळा उघडते व मिटते. म्हणजे नळीतून वायूचा संथ ओघ वाहत नसून, एकामागून एक असे धक्के जात असतात. या धक्क्यासरशी उठणारी दाबाची लाट तापलेल्या वायूतून सेकंदाला पाचशे-सहाशे मीटर वेगाने धावते. नळी जेथे रुंद होते किंवा संपते, तेथून ती उलटून परतते. परतताना मात्र तिचे रूप पालटलेले असते. गेली ती दाबाची लाट, आली ती विरळपणाची. ही विरळ लाट झडप मिटण्याच्या नेमक्या क्षणी इंजिनापाशी पोहोचली, तर सिलिंडरात रेंगाळलेला धूर ती ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. अवेळी पोहोचली तर काम बिघडविते.

नळी किती लांब असावी, कोठे वाकावी, कोठे फुगावी, हे कारखान्यातील अभियंता या लाटेच्या हिशेबाने ठरवितो. तेव्हा 'अडथळा काढला की ताकद वाढली' हे समीकरण फारच भोळे म्हणावे लागेल. तितकेच भोळे दुसरे एक मत आहे. इंजिनाला थोडासा उलटा दाब हवाच असतो, असे पुष्कळ जुने कारागीर सांगतात. वास्तविक उलट्या दाबाची गरज कोणत्याच इंजिनाला नसते. गरज असते ती योग्य वेळी परतणाऱ्या लाटेची. नळी अतिरुंद केली की चढावर लागणारी खालच्या वेगातली ओढ हरपते, आणि कारागिराला वाटते की दाब गेला म्हणून ओढ गेली. निरीक्षण बरोबर, निदान चूक, अशातला हा प्रकार.

आता प्रश्न त्या दुसऱ्या वस्तूचा, जिला गॅरेजच्या भाषेत 'कॅटकॉन' म्हणतात. इंजिनाला लागून असलेली जी वाकडी नळी, कारागिरांचा 'बेंड पाइप', तिच्यात अथवा इंजिनाच्या पोटाखाली एक फुगवटा असतो. त्याच्या आत धातूच्या पातळ पत्र्याचे मधाच्या पोळ्यासारखे जाळे बसविलेले असते. मोटारगाड्यांत हे जाळे बहुधा चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचे असते. दुचाकीला हादरे फार, म्हणून तेथे धातू अधिक सोयीचा. जाळ्याच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खरबरीत लेप आणि त्या लेपावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. हे कण स्वतः खर्ची पडत नाहीत. त्यांच्या सान्निध्यात वायूंचे रूपांतर होते, इतकेच. म्हणूनच त्यांना उत्प्रेरक म्हणतात. विवाह जुळवून स्वतः अविवाहित राहणाऱ्या मध्यस्थाची उपमा त्यांना शोभेल.

ही कल्पना युजीन हूड्री या फ्रान्समध्ये जन्मलेल्या अभियंत्याची. उत्प्रेरकांच्या साहाय्याने खनिज तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची रीत त्याने अगोदरच प्रचारात आणली होती. पुढे लॉस एंजेलिस शहरावर साचणाऱ्या धुरक्याचे वृत्त वाचून तो मोटारींच्या धुराकडे वळला आणि १९५६ साली त्याला या उपकरणाचे अमेरिकन पेटंट मिळाले. मात्र त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत असत, आणि शिसे हे उत्प्रेरकाचे विष. कणांवर शिशाचा थर बसला की ते निकामी होत. पेट्रोलमधून शिसे हटू लागले तेव्हा कोठे, १९७५च्या सुमारास, अमेरिकेत हे उपकरण घरोघरच्या मोटारींत आले. भारतात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत एप्रिल १९९५पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले व त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. फेब्रुवारी २०००पासून शिसे देशभरातून गेले. दुचाकींच्या बाबतीत निर्णायक पाऊल पडले ते १ एप्रिल २०२० रोजी, भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली तेव्हा. या मानकांनुसार नव्या मोटारसायकलीने किलोमीटरमागे एक ग्रॅमहून अधिक कार्बन मोनॉक्साइड आणि साठ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रोजनची ऑक्साइडे सोडावयाची नाहीत. उत्प्रेरकावाचून ही मर्यादा पाळणे आजच्या प्रवासी मोटारसायकलीला व्यवहारात शक्य नाही.

हे उपकरण एकाच वेळी तीन कामे करते. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करणे, न जळलेले पेट्रोल जाळून टाकणे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतील प्राणवायू सोडवून निरुपद्रवी नायट्रोजन मोकळा करणे. पहिल्या दोहोंना प्राणवायू हवा असतो, तिसऱ्यात तो काढून घ्यावयाचा असतो. हा विरोध मिटविण्याची जागा फार अरुंद आहे. शुद्ध पेट्रोलच्या बाबतीत एक भाग इंधनाला सुमारे १४.७ भाग हवा (वजनाने) हे प्रमाण सांभाळले, तरच तिन्ही कामे साधतात. म्हणून नळीच्या तोंडाशी प्राणवायूची चाहूल घेणारा एक सेन्सर बसविलेला असतो. तो गाडीच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला क्षणाक्षणाला निरोप देतो आणि मेंदू त्याप्रमाणे पेट्रोलचा फवारा कमी-अधिक करतो. सेन्सर, मेंदू, फवारा आणि जाळे ही चार भावंडांची एकत्र कुटुंबपद्धती आहे. त्यांतील एकालाच घराबाहेर काढले की बाकीच्यांचा संसार विस्कटतो.

रॉयल एनफील्डची ४११ घन सेंटीमीटरची 'हिमालयन' हे अनेकांच्या परिचयाचे उदाहरण घ्यावे. २०१६ साली बाजारात आलेल्या या गाडीची कमाल शक्ती सुमारे २४ अश्वशक्ती. तिचे शेवटचे नळकांडे तेवढे बदलले आणि उत्प्रेरक व सेन्सर जागच्या जागी राहिले, तर धुराच्या घटकांत मोठासा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाजात व वजनात. परंतु पुष्कळांचे एवढ्यावर समाधान होत नाही. ते बेंड पाइपच बदलून सरळ नळी बसवितात, म्हणजे उत्प्रेरक गाडीतून हद्दपार होतो. या खटाटोपात ताकद तीन टक्क्यांनी वाढली असे उदारपणे धरले, तरी लाभ पाऊण अश्वशक्तीचादेखील नाही. उलट खारदुंग ला या सुमारे ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. तेथे ही गाडी आपली निम्मी शक्ती निसर्गालाच देऊन बसते. त्यापुढे पाऊण अश्वशक्तीची मातब्बरी ती काय! चढावर खरा उपयोग व्हावयाचा तो सामानातले पंधरा किलो कमी करण्याचा. पण तो उपाय कोणतेही दुकान विकत नाही.

सरळ नळी बसविल्यावर वेग कमी करताना फट्‌ फट्‌ असे बार निघू लागतात. कित्येकांना ते शौर्याचे वाटतात. वस्तुतः जोडातून शिरलेली बाहेरची हवा आणि नळीत आलेले न जळलेले पेट्रोल यांचा तो भडका असतो. तीच बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोहोचली तर तो फसतो. मिश्रणात प्राणवायू जास्त आहे असे समजून मेंदू विनाकारण पेट्रोल वाढवितो, आणि मनालीहून निघालेल्या प्रवाशाला पेट्रोलचा हिशेब अर्ध्या वाटेत चुकलेला आढळतो. जोड बंद करण्यासाठी गॅरेजात साधे सिलिकोनचे लुकण फासतात, तेही घातकच. त्याच्या वाफेने सेन्सर मंद होतो. याशिवाय हलक्या प्रतीची पकड हादऱ्यांनी तडकणे, नळकांडे सामानाच्या पेटीला टेकून पेटी वितळणे, असे प्रकार दूरच्या प्रवासात घडतात, आणि तेथे झाळकाम करणारा माणूस शंभर कोसांत भेटेलच असे नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्प्रेरक काम करू लागतो तो सुमारे अडीचशे-तीनशे अंश तापल्यावर, आणि नंतर त्याचे तापमान याच्या कितीतरी वर जाते. त्याची धग रहदारीत तुंबलेल्या चालकाच्या पायांना बसते, ही तक्रार काल्पनिक नाही. कार्तिकानंतरच्या वाळक्या गवतावर अशी तापलेली गाडी उभी करणे धोक्याचेच. ठिणगी नादुरुस्त असलेली गाडी तशीच दामटली, तर कच्चे पेट्रोल जाळ्यात जळून जाळे वितळतेही. मग वाट खरोखरच तुंबते व गाडी ओढेनाशी होते. अशा वेळी कॅटकॉन काढला की गाडी 'सुटली' असा अनुभव येतो आणि गावभर त्याचा डंका पिटला जातो. दोष जाळ्याचा नसून ठिणगीचा होता, हे कोणी सांगत नाही.

आवाजाचा प्रश्न निराळा, आणि खरे पाहता अधिक सार्वजनिक. कारखान्याच्या नळकांड्यात आडभिंती व खोल्या असतात. लाटा तेथे आपसांत आपटून शमतात. बाजारी नळकांड्यात पुष्कळदा भोके पाडलेली एक नळी आणि तिच्याभोवती काचलोकर एवढाच ऐवज असतो. ती लोकर काही महिन्यांत जळून उडाली की उरतो तो कर्णा. १७५ घन सेंटीमीटरहून मोठ्या मोटारसायकलीसाठी भारतात चाचणीतील मर्यादा ८० डेसिबलची घालण्यात आली. डेसिबलचे माप असे की, दहाने वाढ झाली म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होते. रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला हे गणित शिकवावे लागत नाही. विदेशी नळकांड्यावर युरोपीय मान्यतेची खूण असते, ती एका विशिष्ट गाडीपुरती आणि आतील 'डीबी किलर' जागेवर असेपर्यंतच अर्थपूर्ण असते.

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८चे कलम ५२ उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफारासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावासाची, तर ध्वनी व धुराच्या मानकांचा भंग करून गाडी चालविणाऱ्यास दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद केली. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरविण्याचे समारंभ अनेक शहरांत झाले. तथापि दंड भरतो तो चालविणारा. उघड्यावर विकणाऱ्याकडे क्वचितच कोणी पाहते. शिवाय दुचाकीची प्रदूषण-तपासणी गाडी उभी असताना, मंद चालीत होते. तीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मोजमाप होतच नाही. ज्या वायूमुळे उन्हात धुरके तयार होते, तोच तपासणीतून निसटतो. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक दुचाकी आहेत, हे ध्यानी घेता ही फट लहान म्हणता येणार नाही.

ज्यास मूळ नळकांडे खरोखर जड वाटते, त्याने उत्पादकानेच आपल्या मॉडेलसाठी मान्यता घेऊन विकलेला पर्याय शोधावा, उत्प्रेरक व सेन्सर यांना हात लावू देऊ नये, जोडाचे गॅस्केट नवे घालावे आणि प्रवासाला निघण्यापूर्वी दोन-तीनशे किलोमीटर सामानासह गाडी चालवून पकडीचे बोल्ट पुन्हा आवळावेत. बेंड पाइप आधीच बदललेला असेल, तर मूळ भाग परत बसविणे अवघड नसते. अडचण येते ती तो भाग सापडत नसल्यामुळे. पुष्कळ गॅरेजवाले तो जुना भाग 'टाकून देतो' म्हणून अगत्याने ठेवून घेतात. त्यातील पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचा भाव त्यांना माहीत असतो, गाडीच्या मालकाला नसतो.