सरासरीचा आकडा आणि टेमघरचा चढ

‘तीन महिने झाले, पण सरासरी विसाच्या पुढे सरकत नाही. आता कंटाळा आलाय.’ पुण्याजवळ मुळशीतल्या पौडला टपरीवर चहा पिताना हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. सायकल भिंतीला टेकवलेली असते, कपडे घामाने भिजलेले असतात आणि नजर मोबाइलवरच्या त्या एका आकड्यावर असते. पुढे दोन-चार रविवार हीच मंडळी दिसतात, मग दिसेनाशी होतात. त्यांच्या पायांत काही कमी नसतं. त्यांची हिंमत त्या आकड्याने आणि त्याभोवतीच्या काही समजुतींनी घालवलेली असते.

गैरसमज : सरासरी वाढली नाही, म्हणजे आपली प्रगती झाली नाही.

चढावर 10 किलोमीटर अंतर ताशी 10 च्या वेगाने कापलंत आणि तेवढंच अंतर ताशी 40 ने उतरलात, तर सरासरी 25 येत नाही. ती 16 येते. चढायला पूर्ण तास गेलेला असतो आणि उतरायला फक्त पाव तास, त्यामुळे उताराचा वेग चढावर गेलेला वेळ भरून काढू शकत नाही. मुळशीत सपाट रस्ता सलग मिळणं कठीण. पिरंगुटचा घाट तर जाता-येता दोन्ही वेळा आहेच. इथली सरासरी मगरपट्ट्याच्या सरळ रस्त्यावरच्या सरासरीशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

त्यात वारा. पावसाळ्यात इकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पुण्याहून मुळशी धरणाकडे जाताना तो थेट छातीवर बसतो. ताशी 20 ने चालवताना समोरून 10 चा वारा असेल, तर अंगावर हवा 30 च्या वेगाने आदळते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे तो थेट सव्वादोन पट होतो. वारा नसलेल्या दिवशीही 20 वरून 25 वर जायचं, तर हवेशी झुंजायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. वेग विसाच्या पुढे पाचने वाढवणं इतकं जड का जातं, ते यावरून कळेल. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीचा पहिला टप्पा मुळशी-मावळ भागात झाला, तेव्हा स्पर्धकांचा वेग पाहून अनेकजण थक्क झाले. ते उत्तम खेळाडू आहेतच, पण ते घोळक्यात चालवतात आणि घोळक्यात पुढचा माणूस मागच्यासाठी हवा कापत असतो. एकट्याने चालवणाऱ्याने स्वतःला त्या मापाने मोजू नये.

मग मोजायचं कशाने? एकाच चढावर लागणाऱ्या वेळेने. चढावर वेग कमी असल्यामुळे वाऱ्याचा हिस्सा घटतो, आणि तुमचं वजन वर ओढायला तुमचे पाय किती तयार झालेत, हेच मुख्यतः मोजलं जातं. मुठा गाव मागे टाकून टेमघर धरणाच्या बाजूने लवासाकडे चढणारा रस्ता मला यासाठी आवडतो. गेली काही वर्षं मी त्या चढाच्या वेळा एका छोट्या वहीत लिहितो. एकूण सरासरी जिथल्या तिथे असताना या वहीत मिनिटं कमी होताना मी पाहिली आहेत.

गैरसमज : दर वेळी जीव जाईपर्यंत दमलं, तरच वेग वाढतो.

लांब पल्ल्याचे कसलेले खेळाडू आपल्या सरावाचा साधारण 80 टक्के भाग सावकाश करतात. सावकाश म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतका. उरलेल्या थोड्या भागात मात्र खरोखर जोर लावतात. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी 100 व्या वर्षी तासाभरात 24.25 किलोमीटर सायकल चालवली. त्यानंतर त्यांनी अशाच प्रमाणात, बहुतेक हलका आणि थोडा जोराचा, सराव केला आणि 102 व्या वर्षी तासात 26.927 किलोमीटर अंतर कापलं. ‘आता वय झालं’ म्हणणाऱ्या पन्नाशीच्या मित्रांना मी हे दोन आकडे आवर्जून सांगतो. छातीत दुखणं, चक्कर असं काही होत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

हलकी सायकल घेतली की वेग येईल, ही आणखी एक समजूत. तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 84 किलो धरा. सायकल एक किलोने हलकी झाली, तर 25 मिनिटांच्या चढावर जेमतेम 18 सेकंद वाचतील. त्यापेक्षा सीटची उंची बघा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हायला हवा; तो वाकलेला राहिला, तर सीट खाली आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच नवख्यांची सीट दोन-तीन बोटं खाली असते आणि गुडघे दुखायला लागले की दोष वयाला दिला जातो. पावसात भिजून आल्यावर चेन पुसून तेल घालणंही तितकंच गरजेचं.

गैरसमज : लांब जायला आधी वेग हवा.

200 किलोमीटरच्या ब्रेवेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला, साडेतेरा तास मिळतात. चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी 15 सुद्धा लागत नाहीत. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या राइडच्या 1200 किलोमीटरला तर 90 तासांची मुदत आहे. लांबच्या वाटेवर माणूस बहुधा वेगाने हरत नाही, उपाशी राहून हरतो. स्नायूंतली साखर जोराच्या मेहनतीत दीड-दोन तासांत संपत येते आणि मग पाय अचानक शिशाचे होतात. पुष्कळांना ती आपली कमजोरी वाटते. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली, तर ही वेळ येत नाही. एका केळ्यातून साधारण 25 ग्रॅम मिळतात. खिशात केळी, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू ठेवा आणि भूक लागायच्या आधी खा.

राहता राहिली ती 21 दिवसांची गोष्ट. इतक्या दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि बाविसाव्या दिवशीही अंथरुण सोडवेना की माणूस स्वतःला आळशी ठरवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला. त्यात सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला, तरी त्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यांना आढळलं. लग्नसराईत, परीक्षेत, ऑफिसच्या कामात राइड बुडाली, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

या रविवारी ॲपवरची सरासरी पाहू नका. घराजवळचा एक चढ निवडा, पायथ्याशी आणि माथ्यावर घड्याळ बघा, घरी येऊन तारीख आणि वेळ वहीत लिहा. महिन्यातून एकदा तोच चढ पुन्हा चढा आणि तीन महिन्यांनी वहीचं ते पान उघडून बघा.