75 आणि 60 एकच असू शकतात का?

एखाद्या मुलाचा बुद्ध्यंक सहाव्या वर्षी 75 आला आणि बाराव्या वर्षी 60, तर मूल मागे पडलं असं आपण लगेच म्हणतो. पण ते आपल्या वयाच्या मुलांमध्ये होतं तिथेच असू शकतं. हे गणित समजून घेऊ.

व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणीची आवृत्ती तयार केली. 1934 मध्ये त्यावरचा लेख आला, 1940 मध्ये पुस्तक. ही 'बिने-कामत' चाचणी आजही वापरात आहे, त्यामुळे हा विषय नुसता इतिहासाचा नाही. तिचं सूत्र जुनं आहे: मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले 100. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सहा आलं, की बुद्ध्यंक 75.

सूत्र सोपं आहे, पण एक गोष्ट ते सांगत नाही: त्या वयाच्या मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत? हा पसारा म्हणजे प्रमाण विचलन, आपलं नेहमीचं एसडी. टर्मन आणि मेरिल यांच्या 1937 च्या अमेरिकन आवृत्तीत सहाव्या वर्षी एसडी साधारण 12.5 होतं आणि बाराव्या वर्षी 20. आता सरासरीच्या दोन एसडी खाली जा. सहाव्या वर्षी 100 वजा 25, म्हणजे 75. बाराव्या वर्षी 100 वजा 40, म्हणजे 60. दोन्ही वेळा मुलाच्या खाली साधारण 2 टक्केच मुलं. जागा तीच, आकडा मात्र पंधरा गुणांनी घसरला. आणि मतिमंदत्व ठरवण्याची रेषा 70 च्या आसपास असते! कामतांच्या चाचणीत फरक नेमका एवढाच असेल असं नाही, पण सूत्र तेच, म्हणजे हा धोकाही तिथे आहेच.

वेक्स्लर यांनी 1939 मध्ये भागाकारच सोडला. आपल्या वयोगटाच्या सरासरीपासून मूल किती एसडी दूर आहे ते बघायचं आणि ते सरासरी 100, एसडी 15 अशा पट्टीवर मांडायचं. म्हणून अहवाल वाचताना पहिला प्रश्न हा, की बुद्ध्यंक भागाकाराचा आहे की विचलनाचा?

दुसरा प्रश्न चुकीच्या मर्यादेचा. समजा एसडी 15 आणि विश्वसनीयता 0.91. मापनाची प्रमाण त्रुटी = 15 × √(1 − 0.91) = 4.5. याच्या साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना धरलं, तर 68 गुण म्हणजे 59 ते 77 ची पट्टी. रेषा तर मधेच येते. चांगल्या विश्वसनीयतेची ही अवस्था, 0.80 असेल तर काय होईल ते स्वतः करून बघा.

आता कोलाडला या. इथून 1999 पासून कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीवर ट्रक चढवून वेर्ण्याला जातात. समजा एखादा वजनकाटा प्रत्येक ट्रकला दोनशे किलो जास्तच दाखवतो. पुन्हा पुन्हा तोलला तरी आकडा तोच, म्हणजे काटा विश्वसनीय आहे, पण वैध नाही. काट्याचं एक बरं असतं, प्रमाणित वजन ठेवून तो तपासता येतो. बुद्धीचं असं वजन कुणाकडे नाही. आपल्याकडे असतात फक्त मानकं, म्हणजे कुठल्यातरी मुलांचे गुण. घरी आगरी किंवा कातकरी बोलणाऱ्या कोलाडच्या मुलीला आपण प्रमाण मराठीत शब्दांचे अर्थ विचारतो आणि तिची तुलना करतो 1930 च्या दशकातल्या धारवाडच्या मुलांशी. ती अडली तर बुद्धी कमी पडली, की तो शब्द तिच्या घरात नव्हता? आकडा याचं उत्तर देत नाही.

त्यामुळे अशा भागात काम करणार असाल, तर पद्धतीच्या प्रकरणात नुसतं 'प्रमाणित चाचणी वापरली' लिहून सोडू नका. कुठली आवृत्ती, मानकं कुठल्या साली कुठल्या मुलांवर बसवली, सूचना कुठल्या भाषेत दिल्या, विश्वसनीयता कुणाच्या नमुन्यावर काढली, हे सगळं लिहा. शक्य असेल तर आधी तिथल्याच तीस-चाळीस मुलांवर चाचणी घेऊन एकेका प्रश्नाची काठिण्यपातळी काढा. सगळेच एका प्रश्नावर अडखळत असतील, तर बहुधा दोष प्रश्नाचाच असतो.