वाईट वार्ता आणि चिमण्यांची मैत्री

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, आंबा घाटाच्या अलीकडे, मलकापूर हे बाजारपेठेचे गाव वसले आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता येथून जातो. आषाढ-श्रावणात या प्रदेशात एकदा पाऊस लागला, म्हणजे तो दिवसचे दिवस खळत नाही. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात आणि पुन्हा २०२१ च्या जुलै महिन्यात कोल्हापूर परिसरात महापूर आला. घरे पाण्याखाली गेली, रस्ते बंद पडले, जनावरे वाहून गेली. अशा वेळी माणसे घरात अडकून पडतात, परंतु वार्ता मात्र अडत नाहीत. पूर्वी त्या वर्तमानपत्रातून दिवसातून एकदा येत. आता त्या दूरध्वनीच्या पडद्यावर क्षणोक्षणी येतात. एक वाईट बातमी वाचून होते न होते, तोच दुसरी पुढे उभी राहते.

अशा वेळी घरातील वडील माणसे काय करतात, ते पाहण्यासारखे असते. कोणी चुलीत फणसाच्या आठळ्या भाजावयास टाकते, कोणी फाटलेले घोंगडे दुरुस्त करावयास घेते, आजी नातवंडांना जवळ बसवून गोष्ट सांगू लागते. बाहेर एवढे संकट कोसळले असता आठळ्या कसल्या खावयाच्या, असा प्रश्न एखाद्या विचारी मुलाच्या मनात येईल. हा प्रश्न रास्त आहे. जगात दुःख असताना आपण लहानसहान सुखांत रमणे हे योग्य की निष्ठुरपणाचे, याचा विचार मोठमोठ्या माणसांनाही करावा लागला आहे.

महाराष्ट्रातच घडलेली एक हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच इंग्रज सरकारने काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडले. मौलाना अबुल कलाम आझाद हे त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांना व पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव इत्यादी सहकाऱ्यांना आगगाडीने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नेऊन तेथील भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. प्रारंभी त्यांना वर्तमानपत्रेही मिळत नसत. पुढे ती मिळू लागली, पण त्यात आनंद वाटावा असे थोडेच असे. बाहेर चळवळ दडपली जात होती, जगात महायुद्ध पेटले होते, आणि १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे अन्नाविना मेली. देशासाठी ज्यांनी आयुष्य वाहिले, त्यांनी हे सारे भिंतीआड बसून केवळ वाचावयाचे, करता काहीच यावयाचे नाही! यापरते दुःख कोणते?

नेहरूंनी हाती कुदळ घेतली. किल्ल्यातील ती जमीन बागेच्या कामाची नव्हतीच. जुन्या बांधकामांचे दगड आणि राडारोडा तिच्यात भरलेला होता. तरी उन्हाची पर्वा न करता ते तासन् तास खणीत, वाफे तयार करीत आणि फुलझाडे लावीत. तेथेच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात त्यांनी 'भारताचा शोध' हा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीच्या प्रकरणात हे बागकामही आले आहे आणि बंगालचा दुष्काळही आला आहे. फुले लावणारा हात उपाशी माणसांना विसरला नव्हता.

मौलाना आझादांची तऱ्हा निराळी होती. ते भल्या पहाटे, सारा किल्ला झोपेत असताना, उठत. स्वतःच्या हाताने चहा करीत आणि तो सावकाश घोट घोट पीत लिहावयास बसत. हा चहा चिनी, बिनदुधाचा. चहात दूध घालणे हा त्या पेयाचा अपमान होय, असे त्यांचे मत होते; ते आपल्याकडील पुष्कळांना रुचणार नाही! त्या पहाटवेळी त्यांनी आपल्या एका विद्वान मित्राला उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. तुरुंगातून ती मित्राच्या हाती पडणार नाहीत, हे ठाऊक असूनही लिहिली.

या पत्रांतील चिमण्यांची कथा फार गोड आहे. आझादांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर चिवचिवाट आणि काडीकचरा! प्रथम त्यांनी त्यांना हुसकून लावण्याचा चंग बांधला. परंतु चिमण्या कसल्या हटतात! हाकलाव्या आणि त्या पुन्हा याव्यात. अखेर एवढ्या मोठ्या पुढाऱ्याने हार मानली व तहाची बोलणी सुरू केली. खोलीत दाणे टाकावे आणि आपण निश्चळ बसावे, असा क्रम त्यांनी आरंभिला. हळूहळू पाखरांची भीड चेपली. ती जवळ येऊ लागली, निर्धास्तपणे अंगावरही बसू लागली. आझाद त्यांचे स्वभाव बारकाईने पाहू लागले. एक धीट, दुसरी भित्री, तिसरी भांडखोर. बंदिवासातील माणसाला ते एक नवे जगच लाभले.

पण चिमण्यांनी त्यांचे दुःख नाहीसे केले, असे कोणी समजू नये. १९४३ च्या वसंतात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास अत्यवस्थ असल्याचे कळले. सरकारला काही सांगावयाचे असल्यास कळवावे, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. परंतु परक्या सरकारकडे याचना करणे आझादांना मान्य नव्हते. त्या दिवसांत वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की त्यांची छाती धडधडू लागे. तरी तो समोर येताच ते हसून, पत्र मेजावर ठेवावे, अशी खूण करीत आणि जणू काही घाईच नाही अशा रीतीने आपले लिहिणे चालू ठेवीत. ९ एप्रिल रोजी बेगमसाहेबांचा मृत्यू झाला. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आझादांनी कबूल केले आहे की, तो शांतपणा वरवरचा होता, ते एक सोंग होते. येवढ्या प्रांजळपणाने ही गोष्ट सांगणारी माणसे विरळा. जेवणखाणाच्या, फिरण्याच्या ठरलेल्या वेळा मात्र त्यांनी मोडल्या नाहीत.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. चहाच्या पेल्याने महायुद्ध थांबत नाही आणि आठळ्यांनी पूर ओसरत नाही, हे उघड आहे. पण वार्ता ऐकणारे मन हे विहिरीसारखे असते. सारखा उपसा चालला आणि झरे बुजले, तर ती कोरडी पडते. मग दुसऱ्याची तहान भागविण्याची वेळ येते तेव्हा पोहऱ्यात काहीच येत नाही. फुलझाडाला पाणी घालणे, पाखराला दाणे टाकणे, उबदार चुलीपाशी गोष्ट ऐकणे हे ते झरे होत. यात एक अट मात्र आहे. आपल्या दारी पूरग्रस्त येऊन उभा असता जो आठळ्यांची टोपली झाकून ठेवतो, त्याने सुखाचा अर्थ जाणला नाही. कोल्हापुरातील महापुराच्या दिवसांत कितीतरी घरांतून भाकरी बांधून पूरग्रस्तांसाठी धाडल्या गेल्या. त्या थापणाऱ्या बायांनी आपापसांत थट्टाविनोद केला असेल, तर तो काही गुन्हा नव्हे. त्यामुळे भाकरी चार अधिकच झाल्या असतील.

नेहरू आणि आझाद यांची सुटका १५ जून १९४५ रोजी, म्हणजे १,०४१ दिवसांनंतर झाली. पुढील वर्षी, १९४६ साली, आझादांची ती पत्रे 'गुबारे खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत धर्म, इतिहास आणि संगीत यांवरील गंभीर चर्चा पुष्कळ आहे. पण उर्दू वाचकांच्या ओठांवर आजही प्रथम येतो तो पहाटेचा चहा, आणि त्या चिमण्या.