अंतःस्राव उणा पडला तर

रायपूरचा बूढापारा हा बूढा तलावाच्या काठचा जुना मोहल्ला. बालवयातील नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ च्या सुमारास आईवडिलांसमवेत या भागात राहिले होते, म्हणून त्या तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या पंडित माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळाही येथेच आहे. मराठी कुटुंबे या भागाला परकी नाहीत. अशा सुशिक्षित वस्तीतही एक विषय मात्र ओठांवर येत नाही. घरच्या कर्त्या पुरुषाला मधुमेह झाला तर तो शेजाऱ्यांना सांगतो, डोळ्यांत मोतीबिंदू झाला तर नातेवाइकांना कळवतो. पण आपल्या पौरुषात काही उणे पडले आहे अशी शंका त्याला आली, तर ती तो पत्नीलाही सांगत नाही. रात्रीच्या वेळी रेल्वेमार्गालगतच्या भिंतीवरील ‘गुप्तरोगा’ची जाहिरात आठवून तो तिकडे वळतो.

वाचकहो, या विषयाकडे आपण जरा शांतपणे पाहू या.

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नावाचा अंतःस्राव तयार होतो. दाढीमिशा, आवाजातील घोगरेपणा, स्नायूंचे बळ, हाडांची घट्टता, कामेच्छा, किंबहुना रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाणही काही अंशी त्यावर अवलंबून असते. वृषणे हे काम आपल्या मर्जीने करत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्यांना संदेश धाडते. रक्तात अंतःस्राव पुरेसा झाला की ती संदेश आवरता घेते. हा व्यवहार ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सर्वांत महत्त्वाचा धोका यातूनच उद्भवतो.

या द्रव्याचा शोधही मोठा रंजक आहे. १८४९ साली जर्मनीतील बेर्टोल्ड यांनी कोंबड्यांची वृषणे काढली, काहींच्या पोटात ती पुन्हा बसवली, आणि अशा कोंबड्यांचा तुरा व आरव टिकतो असे दाखवले. १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांचे ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला व आपण तरुण झालो असे जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात अंतःस्राव जवळजवळ नव्हताच. तारुण्य आले ते विश्वासाच्या बळावर! शुद्ध द्रव्य हाती आले १९३५ साली, अ‍ॅमस्टरडॅम येथे बैलांच्या वृषणांतून. त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. विश्वासावर विकले जाणारे अर्क मात्र अजूनही संपलेले नाहीत. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत, आणि भिंती त्याच जाहिरातींनी रंगलेल्या आहेत.

आता आजाराकडे वळू. काही पुरुषांत ही उणीव जन्मजात असते. क्लाइनफेल्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात एक गुणसूत्र अधिक असते आणि वृषणे लहान राहतात. पौगंडावस्थेनंतर झालेले गालगुंड कधी वृषणांवर उतरते. पीयूषिकेवरील गाठ, लठ्ठपणा, मधुमेह, अफूजन्य औषधांचे दीर्घ सेवन ही इतर कारणे. छत्तीसगड व विदर्भ येथील वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावे. या प्रदेशांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो, आणि त्या आजारातील मुलग्यांत वयात येण्यास विलंब होणे व पुढे हा अंतःस्राव कमी पडणे, दोन्ही संभवते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तपासणीत ज्यांचा आजार उघड झाला, त्यांच्या पालकांनी मुलाच्या वाढीविषयीही डॉक्टरांना अवश्य विचारावे.

थकवा वाटतो, उत्साह नाही, एवढ्यावरून मात्र निदान होत नाही. थकवा तर रक्तक्षयाने येतो, थायरॉइडने येतो, चिंतेने येतो, अपुऱ्या झोपेनेही येतो. युरोपातील ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. लक्षणे आणि रक्तातील उणीव या दोन्ही कसोट्या लावल्यावर खरे रुग्ण सुमारे २ टक्केच निघाले. म्हणून रक्ततपासणी सकाळी, उपाशीपोटी करावी, कारण दिवस चढतो तसे हे प्रमाण उतरते. आणि ती दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करावी. दोन्ही वेळा प्रमाण कमी आले तर दोष वृषणांत आहे की पीयूषिकेत, हे निराळ्या तपासण्यांवरून कळते. ज्यांचे वजन फार वाढले आहे, त्यांच्यात ते उतरवल्याने हा अंतःस्रावही वाढतो. हे औषध कोणी भिंतीवर रंगवत नाही.

समजा, बूढापाऱ्यातील एका तिशीच्या गृहस्थाला चार वर्षे मूल नाही. बोल पत्नीला लागतो आहे, तपासण्या तिच्याच झाल्या आहेत. अखेर पती गुपचूप कोणाकडे तरी जातो, ‘कमजोरी’ म्हणून त्याला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मिळते, आणि त्याला खरोखर बरे वाटते. पण बाहेरून भरपूर अंतःस्राव आला असे पाहून पीयूषिका आपले संदेश थांबवते. वृषणांच्या आत शुक्रजंतू घडण्यासाठी हा अंतःस्राव रक्तातल्यापेक्षा अनेक पटींनी अधिक लागतो. तो आता तेथे बनतच नाही. शुक्रजंतू घटत जातात, कित्येकदा नाहीसे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने हीच इंजेक्शने पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून पारखून पाहिली होती, यावरून काय ते समजावे. ज्या घरात पाळणा हलावा म्हणून इंजेक्शन घेतले, त्याच घरात ते पाळणा लांबवते, आणि दोष तिच्याच माथी राहतो! औषध थांबवल्यावर बहुतेकांत शुक्रजंतू परततात, परंतु त्यास काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी हीच द्रव्ये टोचून घेणाऱ्या तरुणांचीही गत हीच. मूल हवे असेल तर डॉक्टरांना ते प्रथमच सांगावे. दोष पीयूषिकेत असल्यास वृषणांना जागी करणारी वेगळी इंजेक्शने उपलब्ध आहेत.

ज्यांना खरोखर उणीव आहे त्यांना उपचाराने लाभ होतो: कामेच्छा सुधारते, रक्तक्षय कमी होतो. वृद्धाचा तरुण मात्र होत नाही. हृदयाविषयीची भीती बरीच निवळली आहे. हृद्रोगाचा धोका असलेल्या सुमारे ५,२०० पुरुषांवरील २०२३ च्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांत झटक्यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र हृदयाची अनियमित धडधड व फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणे हे प्रकार काहीसे अधिक दिसले. प्रोस्टेटचा किंवा पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग असल्यास हे औषध सहसा देत नाहीत, आणि सिकलसेलच्या रुग्णाने ते तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून घेऊच नये.

इंजेक्शने दोन-तीन आठवड्यांनी घ्यावयाची असतात. दीर्घकाळ टिकणारे एक सुमारे तीन महिन्यांनी. रक्त दाट होत नाही ना, हे पाहण्यासाठी पहिल्या वर्षी वरचेवर तपासणी लागते; रक्तातील पेशींचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवतात. त्वचेवर चोळण्याचे मलमही मिळते. ते लावल्यावर हात साबणाने धुवावेत, ती जागा कपड्याने झाकावी व लहान मुलांना तेथे बिलगू देऊ नये, कारण मलम त्यांच्या अंगाला लागले तर कोवळ्या वयातच पौगंडाची चिन्हे दिसू लागतात. रायपूरकरांना तपासणीसाठी फार दूर जाणे नको. मेकाहारा रुग्णालयात किंवा टाटीबंधच्या एम्समध्ये बाह्यरुग्ण विभागात जावे, आणि शक्य तर पतिपत्नींनी दोघांनी मिळून जावे.