गाडी सीएनजीवर आणण्याआधी दोन हिशेब : एक रस्त्याचा, दुसरा कागदांचा

कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्या सीमा जिथे एकमेकींजवळ येतात, तिथे बीदर जिल्ह्यातील औराद तालुका आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी औराद आणि उदगीर हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या एकाच बीदर जिल्ह्यात होते. पुढे सीमा बदलल्या, पण माणसांची ये-जा थांबली नाही. सरकारी कामासाठी बीदर, बाजारहाट व सोयरिकीसाठी उदगीर किंवा देगलूर आणि मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबाद, असा येथील कुटुंबांचा प्रवास असतो. अंतर लांबले की पेट्रोलचा खर्च वाढतो आणि मग आहे त्याच गाडीला सीएनजी किट बसवून घेण्याचा विचार घरात सुरू होतो.

‘किट बसवले की खर्च निम्म्यावर येतो’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकायला मिळते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. बचत होईल की नाही, हे गाडीपेक्षा गॅसचा पंप कोणत्या वाटेवर आहे यावर अधिक अवलंबून असते. शिवाय झालेली बचत अपघाताच्या एका दिवसात पाण्यात जाऊ नये, यासाठी कागदपत्रे पूर्ण असणे तितकेच गरजेचे आहे.

गाडीत नेमके काय बदलते?

सीएनजी म्हणजे दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू. त्यात मुख्यत्वे मिथेन असतो. गाडीच्या डिकीत बसविलेल्या पोलादी सिलिंडरमध्ये तो सुमारे २०० बार दाबाने भरला जातो. गाडीच्या चाकातील हवेचा दाब साधारण २ बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाची कल्पना येते. सिलिंडरमधून निघालेला वायू जाड नळीतून पुढे येतो, दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमधून जातो आणि इंजेक्टरमार्फत इंजिनात पोहोचतो. किती वायू केव्हा सोडायचा, हे किटसोबतचा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. या पद्धतीला सिक्वेन्शियल किट म्हणतात.

मूळ पेट्रोलची यंत्रणा काढली जात नाही. बहुतेक किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापले की आपोआप गॅसवर जाते. म्हणून टाकीत थोडे पेट्रोल कायम ठेवावे लागते. गॅसवर इंजिनाची ताकद साधारण १० टक्क्यांनी घटते. घाटात आणि भरल्या गाडीत ते जाणवते. ६० लिटरचा सिलिंडर रिकामा असतानाही सुमारे ६० किलो वजनाचा असतो आणि डिकीचा मोठा भाग व्यापतो. लग्नसराईत सामान घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने याचा आधीच विचार करावा.

डिझेल गाडीचे गणित वेगळे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे नुसते किट बसवून भागत नाही. इंजिनच बदलावे लागते. घरगुती वापराच्या गाडीसाठी तो खर्च सहसा परवडत नाही.

रस्त्याचा हिशेब

उदाहरणादाखल काही आकडे धरू. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो आहे. गाडी पेट्रोलवर लिटरमागे १६ किलोमीटर आणि गॅसवर किलोमागे २२ किलोमीटर धावते. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला ६ रुपये २५ पैसे, तर गॅसवर सुमारे ४ रुपये ९ पैसे खर्च येतो. किलोमीटरमागे बचत सुमारे २ रुपये १६ पैसे. किटला ६५ हजार रुपये लागले, तर ते वसूल होण्यासाठी गाडी साधारण ३० हजार किलोमीटर चालावी लागेल.

औराद ते बीदर अंतर सुमारे ४० किलोमीटर. महिन्यातून २५ दिवस जाऊन-येऊन करणाऱ्याची गाडी २,००० किलोमीटर धावते. त्याच्या रोजच्या वाटेवर पंप असेल, तर सव्वा वर्षात किटचे पैसे निघतात. महिन्याला जेमतेम ५०० किलोमीटर गाडी वापरणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी ५ वर्षे लागतात. तोवर गाडी जुनी झालेली असते.

आता पंपाकडे येऊ. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात साधारण ८ किलो वायू मावतो, असे धरले तर एका भरण्यात गाडी १७६ किलोमीटर चालते आणि त्यासाठी ७२० रुपये लागतात. पंप ४० किलोमीटरवर असून केवळ गॅस भरण्यासाठी तिथे जाऊन यावे लागले, तर त्यातले ८० किलोमीटर याच फेरीत संपतात. उरलेल्या ९६ किलोमीटरच्या प्रवासाला पेट्रोलवर ६०० रुपयेच लागले असते. म्हणजे प्रत्येक भरण्यात १२० रुपयांचा तोटा. पंप नेहमीच्या वाटेवर असेल तरच सीएनजी स्वस्त ठरतो, हा या हिशेबाचा अर्थ.

पंप केवळ असून भागत नाही. शहरांतील गॅस वितरणाचा परवाना भौगोलिक क्षेत्रानुसार दिला जातो. जिथे नळवाहिनी पोहोचलेली नसते, तिथल्या पंपांना ट्रकवरील सिलिंडरांच्या संचातून वायू पुरविला जातो. संचातला वायू कमी होत गेला की दाब उतरतो, गाडीत कमी वायू भरला जातो आणि पुढचा ट्रक येईपर्यंत रांग लागते. उन्हाळ्याच्या कडाक्यातही तोच दाब दाखवीत असताना प्रत्यक्षात कमी वायू मावतो. म्हणून किट घेण्याआधी आपल्या वाटेवरच्या पंपावर दोन-चार वेगवेगळ्या वेळी जाऊन रांग आणि पुरवठा पाहावा. पेट्रोल व सीएनजी दोन्ही वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने सीमा ओलांडताच दर बदलतात. हिशेब मांडताना ज्या पंपावर खरोखर गॅस भरणार, तिथलाच दर धरावा.

कागदांचा हिशेब

गाडीचे इंधन बदलणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदल आहे. त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, व्हावी लागते. पूर्वसंमतीशिवाय फेरबदल झाला असेल, तर १४ दिवसांत तो परिवहन कार्यालयाला कळविणे मालकावर बंधनकारक आहे. नियमबाह्य फेरबदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद केली आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे औरादच्या गाडीला जे लागू, तेच पणजीच्या गाडीलाही.

बीएस-६ मानकाच्या पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसविण्याची परवानगी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या वाहनांसाठी दिली. पण बाजारातले कोणतेही किट चालत नाही. पुण्यातील एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने ते किट त्या प्रकारच्या गाडीसाठी मंजूर केलेले असावे लागते. ही मंजुरी ३ वर्षांसाठी असते व नंतर नूतनीकरण करावे लागते. म्हणून किटच्या मंजुरीपत्रावर गाडीचे मॉडेल आणि मुदत हे दोन्ही वाचल्याशिवाय विसार देऊ नये.

सीमाभागात इथेच घोळ होण्याची शक्यता असते. किट उदगीर, लातूर किंवा हैदराबादला स्वस्त मिळते म्हणून तिथे बसविले जाते. नोंद मात्र मालक राहतो त्या भागातील परिवहन कार्यालयातच करावी लागते. त्या कार्यालयाला परराज्यातील केंद्राचे प्रमाणपत्र चालेल का, हे किट बसविण्याआधी विचारून घ्यावे. गाडीवर कर्ज असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते.

आरसीवर नोंद झाली की विमा कंपनीला कळवून किटचा समावेश पॉलिसीत करून घ्यावा. त्यासाठी थोडा जास्त हप्ता पडतो. तो वाचविण्यासाठी किट लपविले, तर अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो. दोन वर्षांची बचत एका दिवसात जाते ती अशी. गाडी वॉरंटीत असेल, तर किट बसविल्याने त्या हमीवर काय परिणाम होईल, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

सुरक्षिततेचे चार नियम

मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वर निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्यामुळे घरगुती सिलिंडर गाडीत जोडणे बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारे आहे. शाळेची व्हॅन असो की घरची, तो प्रकार दिसला तर त्या गाडीत बसू नये.

सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, दर ३ वर्षांनी करून घ्यावी लागते. तिची तारीख गाडीवरील धातूच्या पाटीवर असते. जुनी सीएनजी गाडी विकत घेताना ही पाटी सर्वांत आधी पाहावी. सिलिंडर स्वस्तात दुसऱ्या गाडीतला काढून बसविलेला असू शकतो.

गॅस भरताना सर्वांनी गाडीबाहेर उतरावे आणि २०० बारपेक्षा जास्त दाबाचा आग्रह धरू नये. उग्र वास आला तर गाडी मोकळ्या जागी थांबवून इंजिन बंद करावे, दारे उघडावीत, सिलिंडरवरील हाताने फिरवायची झडप बंद करावी आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. वायरिंग आणि नळ्यांचे काम गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडून नव्हे, तर किट बसविणाऱ्या अधिकृत केंद्रातूनच करून घ्यावे.

महिन्याचे किलोमीटर एका कागदावर लिहावेत, त्याखाली नेहमीच्या वाटेवरच्या पंपाचा दर आणि किटची किंमत मांडावी. दीड-दोन वर्षांत रक्कम वसूल होत असेल आणि कागदपत्रे पूर्ण करण्याची तयारी असेल, तर सीएनजी फायद्याचा आहे. गाडी आठवड्यातून एकदा उदगीरच्या बाजारापर्यंतच जात असेल, तर ६५ हजार रुपयांत येणारे पेट्रोल त्या कुटुंबाला बराच काळ पुरेल.