नीट रिपीट करताय? आधी जुना पेपर काढा!

बीड जिल्ह्यात पहिली नीट हुकली की घरचे म्हणतात, "लातूरला क्लासला टाकू या." टाका की! पण आधी जुना पेपर आणि उत्तरतालिका घेऊन बसा. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले ३६० एकट्या बायोलॉजीचे. बरोबरला ४, चुकलं की १ वजा. १४० बरोबर आणि ४० चूक म्हणजे ५२०. तेच ४० कोरे सोडले असते तर ५६०! माझ्या मते कित्येकांची सीट अशा तुक्क्यांतच जाते.

कितीदाही बसता येतं. कमाल वयाची अट २०२२ साली निघाली. मात्र ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला, त्यामुळे आपल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजलाही आता अख्खा महाराष्ट्र स्पर्धेत आहे.

आणि कागदपत्रं! राखीव प्रवर्गातून भरणार असाल तर जात पडताळणीचं प्रकरण आत्ताच समितीकडे टाका, निकालानंतर नुसती पळापळ होते. नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्यावर मुदत म्हणून कोणत्या वर्षाचा ३१ मार्च लिहिलाय, तेही आजच बघून घ्या.