कापडाची वही, पाण्याची वही

सकाळी ८.०० – इचलकरंजीतलं एक प्रोसेस हाऊस. सांडपाण्याच्या प्लँटवर मामांची पाळी सुरू होते. बारा तास, महिन्याला १५ हजार. रात्रपाळीवाला वही हातात देतो. काल रंगलेलं कापड ४० हजार मीटर, इकडे आलेलं पाणी ४ लाख लिटर. मीटरमागं दहा लिटर. कापडाचा आकडा आत फळ्यावर असतो, येणारा-जाणारा वाचतो. पाण्याचा फक्त या वहीत.

९.१५ – आज सल्फर ब्लॅक चाललाय. कुजक्या अंड्यासारख्या वासावरूनच कळतं. मामा बीकरमध्ये काळं पाणी घेतात. थोडा चुना, थोडं फेरस सल्फेट, शेवटी गाठी बांधणाऱ्या पॉलीचे दोन थेंब. ढवळून थांबायचं. गाठी तळाला बसल्या, वरचं पाणी उजळलं, की त्याच मापानं टाकीत. हातांना आधी खोबरेल, मग चुन्याचं २५ किलोचं पोतं फोडायचं. भेगेत चुना गेला तर रात्री कालवणात बोट घालवत नाही.

१०.३० – हवेची टाकी. इथं जिवाणू घाण खातात आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. २० हॉर्सपॉवरचा ब्लोअर दिवसाला साडेतीनशे युनिट ओढतो. युनिटला साडेआठ रुपये धरले तर तीन हजारांच्या घरात. दिवाळीत गिरणी बंद असते तेव्हा जिवाणू उपाशी मरू नयेत म्हणून मामा टाकीत गूळ आणि शेण कालवतात.

लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवलं. गाळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बसला. टाकी ठीक आहे हे कळायला मामांना एवढं पुरतं.

१२.०० – डाइंग मास्तर येतात. "मामा, अजून एक लॉट लावतोय."

"टाकी भरलीया, मास्तर. दोनपर्यंत थांबा."

मास्तर घड्याळ बघत जातात. दोन तास रंगाईचं यंत्र, जिगर, रिकामं. तो तोटा आजच्या आज दिसतो.

३.०० – फिल्टर प्रेस उघडायचा. एकेक प्लेट सरकवून लाकडी पट्टीनं गाळाचा केक खरवडायचा. पोती भरायची, तोलायची, लिहायची. हा घातक कचरा, रांजणगावला जातो. गाडीभाडं वेगळं, टनामागचे पैसे वेगळे.

४.३० – ऑफिसात महिन्याचा तक्ता भरतायत. मीटर, माणसं, कोळसा, वीज. ब्लोअरची वीज खर्चात धरलेली. तिनं निवळलेलं पाणी उत्पादनात कुठंच नाही. उद्या ब्लोअर बंद ठेवला तर याच तक्त्यात गिरणीची उत्पादकता वाढलेली दिसेल. मला हा तक्ता खोटा वाटतो, त्यातला प्रत्येक आकडा खरा असूनही. १९९७ साली चुंग, फेरे आणि ग्रॉसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या कागद-लगद्याच्या गिरण्या वेगळ्या मापानं मोजल्या. माल वाढला त्याचं श्रेय, घाण घटली त्याचंही. त्या मापात मामांची बारा तासांची पाळी कामात जमा झाली असती.

६.०० – लॅबचा कागद आला. बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या घाणीचं माप, २६. मर्यादा ३०. ही तपासणीच तीन दिवसांची. ज्या पाण्याचा हा आकडा, ते कधीच पंचगंगेला मिळालंय. मामा कागद वहीत चिकटवतात.

८.०० – रात्रपाळीवाला डबा ठेवतो. मामा मीटरचं रीडिंग लिहून सही करतात.

"सल्फर दहाला संपतोय. मग फेरस कमी कर. आणि मास्तर काय बी म्हणू देत, ब्लोअर बंद करायचा न्हाई."